रंग ओळखू येत नसताना लग्नाचा सूट आणि बूट कसे जुळवले

८ डिसेंबर २०२४ ला पुण्यात माझं लग्न झालं. संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी एक सूट शिवायचा आणि त्याच्यावर बूट घ्यायचे, एवढंच काम होतं. त्याला मला ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ लागला, कारण मला रंगांधत्व आहे. कोणत्या सुटावर कोणता बूट चालतो याचे तक्ते शोधले की ढिगाने सापडतात. पण तक्त्यातला 'टॅन' कुठला आणि 'ऑलिव्ह' कुठला हेच ज्याला कळत नाही, त्याने दुकानात जाऊन काय करायचं, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी डोळ्यांबद्दल. २०१५ साली रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत लेखी परीक्षा पास होऊन मी वैद्यकीय तपासणीपर्यंत पोहोचलो होतो. तिथे ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळांचं पुस्तक समोर आलं. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केलेली ही चाचणी. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच वाचता येतो, मलाही आला. पुढच्या पानांवर मला नुसते ठिपके दिसत राहिले. इंजिन चालवणाऱ्याला सिग्नलचे रंग बिनचूक दिसायलाच हवेत, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण कराडला घरी परत जाताना एसटीत बसून मी खिडकीबाहेरची झाडं बघत होतो आणि मला नक्की काय दिसत नाहीये याचा अंदाजच येत नव्हता, हे अजून आठवतं.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. माझ्या प्रकारात लाल रंग ओळखू येत नाही, आणि शिवाय तो असतो त्याहून गडद दिसतो. काळपट लाल, ज्याला दुकानात वाइन, चेरी किंवा ऑक्सब्लड म्हणतात, तो मला सरळ काळा दिसतो. गडद तपकिरी आणि गडद हिरवा यांत मी गल्लत करतो. नेव्ही ब्लू आणि जांभळा मला एकच वाटतात. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाला आईकडून. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अप्पांना झाडावरची पिकलेली मिरची दिसायची नाही. तोडायला आम्हालाच बोलवायचे." अप्पा म्हणजे तिचे वडील. त्यांना आयुष्यभर कुणी तपासलं नव्हतं.

मी हे चारचौघांत सांगत नसे. २०१९ मध्ये मित्राच्या लग्नात काळ्या पँटवर काळे समजून घेतलेले बूट घालून गेलो. ते गडद लाल होते, आणि त्यांवर मी वर्षभर काळं पॉलिश मारत आलो होतो, त्यामुळे टाचेपाशी लाल आणि पुढे काळपट असे डाग पडले होते. एका ओळखीच्या माणसाने पंगतीत मोठ्याने विचारलं. त्यानंतर पाच वर्षं मी चपला आणि सँडलवर काढली.

२५ ऑगस्टला साखरपुडा झाला. होणाऱ्या सासऱ्यांनी सुटासाठी ११,००० रुपयांचं पाकीट हातात दिलं. "सूटपीस आम्हीच आणला असता, पण आवड तुमची असावी," म्हणाले. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं तिला तोवर मी डोळ्यांचं सांगितलेलं नव्हतं. सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

१ सप्टेंबरला, रविवारी, मी एकटाच लक्ष्मी रोडला गेलो. गणपती आठवड्यावर आलेले, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. "नेव्ही ब्लू दाखवा," म्हटलं. सेल्समनने चार ताके उलगडले. मी हाताला मऊ लागला तो निवडला. १,४०० रुपये मीटरचं टेरीवूल, ५८ इंची पन्हा, सव्वातीन मीटर, बिल ४,५५० रुपये. संध्याकाळी आईने खिडकीशी नेऊन घडी उलगडली आणि विचारलं, "जांभळं का आणलंस रे?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बिलाच्या मागे छापलेलंच होतं, कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. सेल्समन म्हणाला, "साहेब, हाच द्या म्हणून तुम्हीच हात ठेवलात." ते खरं होतं, आणि त्या क्षणी, दुकानात इतकी माणसं असताना, मला खरं कारण सांगता आलं नाही. सासऱ्यांच्या पैशातले साडेचार हजार कपाटात जाऊन पडले.

८ सप्टेंबरला होणाऱ्या बायकोच्या घरी गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. गच्चीत तिला सगळं सांगितलं. रेल्वेचं, मित्राच्या लग्नाचं, जांभळ्या कापडाचं. आपल्याला मुलगा झाला तर त्याला हे माझ्याकडून येणार नाही, पण मुलगी झाली तर ती वाहक असेल आणि पुढे तिच्या मुलात येऊ शकेल, हेही सांगितलं. लग्नाआधी तिला हे कळायलाच हवं होतं. तिने थोड्या वेळाने विचारलं, "मग साखरपुड्याची माझी साडी तुला कुठल्या रंगाची दिसली?" मी म्हटलं, चॉकलेटी. ती हिरवी होती. मग तिने गच्चीवरून दिसणारी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली, कौलं, समोरचं गुलमोहराचं झाड, वाळत घातलेले कपडे. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. या चार महिन्यांतली मला सगळ्यांत जपून ठेवावीशी वाटणारी संध्याकाळ ती आहे.

१८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला. आमच्या घरी त्या पंधरवड्यात नवीन काही आणत नाहीत, त्यामुळे खरेदी थांबली. मात्र चौकशी करून ठेवली. शनिपाराजवळच्या एका टेलरकाकांकडे गेलो तर ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत कापड द्या. पुढे दिवाळीची कामं, ती संपली की तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी." डिसेंबरात लग्न असेल तर ही तारीख आधी विचारून घ्या. जांभळं कापड रंगवून निळं किंवा काळं करता येईल का, हेही विचारलं. त्यांनी सुतावर अंगठा फिरवून सांगितलं की यात लोकर आणि पॉलिस्टर दोन्ही आहे, दोन्ही धागे रंग सारखा धरणार नाहीत, कापड वाया जाईल. (त्याचं पुढे बाबांसाठी जाकीट झालं. त्यांना ते आवडतं.)

त्या पंधरवड्यात मी बरंच वाचलं. सुटा-बुटाचे नियम तसे थोडेच आहेत. काळ्या सुटावर काळाच बूट. चारकोल, म्हणजे कोळशासारख्या करड्यावर, काळा किंवा ऑक्सब्लड. नेव्हीवर काळा, गडद तपकिरी, ऑक्सब्लड तिन्ही चालतात. मध्यम करड्यावर जवळजवळ काहीही. तपकिरी सुटावर काळा नको. बूट शक्यतो पँटएवढा किंवा तिच्याहून गडद असावा, पट्टा बुटाच्या रंगाचा आणि मोजे पँटच्या रंगाचे. काही ठिकाणी हे नियम फारच कडक असतात. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनच्या २०१६ च्या अहवालात आलं होतं की लंडनच्या गुंतवणूक बँकांतले काही वरिष्ठ लोक सुटाखाली तपकिरी बूट घालून आलेल्या उमेदवाराला अजूनही नापसंत करतात. ते वाचून मला त्या उमेदवारांबद्दल खूप वाईट वाटलं. हा नियम घरात कुणी सांगितलेला नसेल तर तो कळणार कसा?

या वाचनातून माझ्या उपयोगाची एक गोष्ट निघाली. रंगाचं नाव मला सांगता येत नाही, पण गडद-फिकट बऱ्यापैकी कळतं, आणि निम्मे नियम गडद-फिकटाचेच आहेत. अडचण फक्त लालाची, कारण तो मला उगाच गडद दिसतो. त्यावर मोबाइलचा उपाय सापडला. फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. कॅमेऱ्याला लाल जितका उजळ दिसतो तितकाच तो फोटोत करडा उतरतो, माझ्या डोळ्यांसारखा काळा होत नाही. रंगाचं नाव सांगणारी ॲपही वापरून पाहिली. भर दुपारी उन्हात ती बरी चालतात. दुकानाच्या दिव्यात एकाच कापडाला एकदा निळं आणि एकदा करडं म्हणाली. फोटो पाठवून कुणाला विचारायचं असेल तर कापडाखाली पांढरा कागद ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला दिव्याची छटा वगळून अंदाज येतो.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, तिला घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. सकाळी अकराला, मुद्दाम ऊन असताना. आत शिरल्याबरोबर काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांना सांगितलं, "मला लाल, हिरवा, जांभळा हे रंग ओळखता येत नाहीत. मला नेव्ही ब्लू हवाय, जांभळट छटा नको." हे वाक्य मी घरी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, "बरं," म्हणाले आणि तीन ताके उचलून स्वतः दाराशी आणले. उन्हात धरून एकेक दाखवला, हा निळाच, यात थोडी जांभळट झाक आहे, हा जवळपास काळा. तिनेही तसंच सांगितलं. १,५२० रुपये मीटर, सव्वातीन मीटर, ४,९४० रुपये. बिलावर शेड नंबर आणि त्याच्यापुढे 'नेव्ही' असं लिहून मागितलं, त्यांनी लिहून दिलं. ताक्याच्या किनारीवर किंवा चिकटवलेल्या पट्टीवर हा नंबर असतो. पुढे पट्टा, टाय, जादा पँट काहीही घ्यायचं झालं तर तो लागतो.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, टेलरकाकांकडे मापं दिली. टू-पीसची शिलाई ७,००० रुपये, त्यातले ३,००० आगाऊ. पावतीवर ट्रायल २० नोव्हेंबर, डिलिव्हरी ३० नोव्हेंबर. काकांनी निघताना बजावलं, "ट्रायलला लग्नातले बूट घालून या. टाचेच्या उंचीवर पँटची लांबी ठरते." म्हणजे बूट त्याआधी हवेत.

बुटांसाठी २० ऑक्टोबरला कॅम्पात गेलो. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी घेतलेला बूट रात्री चावतो. माझं मत काळ्या बुटाचं होतं. आईचंही तेच, टेलरकाकांचंही तेच. काळा घेतला तर चुकायला जागाच उरत नाही, आणि २०१९ नंतर मला चुकायचं नव्हतं. पहिल्या दोन दुकानांत काळे डर्बी, म्हणजे नाडीचे बूट, घालून पाहिले. ती काही बोलली नाही. तिसऱ्या दुकानात तिने एक जोड हातात घेतला आणि सुटाच्या कापडाची चिंधी त्याच्यावर ठेवली. (टेलरकडून वीतभर तुकडा मागून घ्या, बूट-पट्ट्याच्या खरेदीत त्याच्याशिवाय चालत नाही.) "काळा चुकणार नाही," ती म्हणाली, "पण हा नेव्हीवर फार सुंदर दिसतो. आणि रिसेप्शनची माझी साडी याच रंगाची आहे."

तो ऑक्सब्लड होता. मला तो काळा दिसत होता. शेजारी ठेवलेला काळा जोड आणि हा, मला दोन्ही सारखेच. मी स्टुलावर बसून राहिलो. ज्याचा रंग मला दिसतच नाही असा बूट घालून चारशे माणसांसमोर उभं राहायचं, आणि तोही नेमका मला फसवणाऱ्या रंगाचा, हे काही मनाला पटेना. मग मी दोन्ही बूट चिंधीवर शेजारी ठेवले, फोटो काढला आणि ब्लॅक अँड व्हाइट केला. फोटोत डावा बूट काळा होता. उजवा एक पायरी उजळ होता, जवळजवळ कापडाएवढाच करडा. बुटांच्या टोकाशी चकाकीत तर फरक स्पष्टच दिसत होता. इतकी वर्षं लोक दोन्हींत फरक आहे म्हणत होते आणि मी ते ऐकून घेत होतो. त्या दिवशी तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "तुला हवा तो घे, मी खरंच रागावणार नाही." मी उजवा घेतला.

४,४९९ रुपये, चामड्याचा डर्बी, ९ नंबर. खोक्याच्या बाजूच्या लेबलवर रंगाचं नाव छापलेलं असतं. ते लेबल मी फाडून आणलं आणि बुटाच्या पिशवीला शिवलं. एक गोष्ट विचारून ठेवा, रंग न आवडल्यास बदलून देतात की फक्त नंबर बदलतात. आमच्या दुकानात सात दिवसांत बदलून मिळणार होता, तळ घासलेला नसेल तरच. म्हणून पहिले काही दिवस बूट घरात सतरंजीवरच वापरले. रोज अर्धा तास, लग्नातलेच मोजे घालून. दहा दिवसांत चामडं सैल झालं.

पट्ट्याला वेळ लागला. पहिल्या दुकानदाराने "अगदी सेम" म्हणून दिलेला पट्टा तिने दाराबाहेर नेऊन पाहिला तर तपकिरी निघाला. दुसऱ्या दुकानात जुळला, १,१०० रुपये. मोजे नेव्हीच, एकाच पाकिटातले तीन जोड, ५४० रुपये. सगळे सारखे घेतले की धुतल्यावर जोड्या लावताना कुणाला विचारावं लागत नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं आणि टेलरकाकांचं दुकान बंद राहिलं. तारीख देताना आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, निवडणूक जाहीरच मागाहून झाली. ट्रायल २३ ला गेली. ती मतमोजणीची तारीख, रस्त्यावर फटाके आणि गुलाल. बुटांच्या पिशवीवर दुसरी पिशवी चढवून नेली. कच्च्या टाक्यांत कोट घालून पाहिला. तिऱ्यात, म्हणजे खांद्यांवर, अर्धा इंच सैल होता, बाहीतून शर्टाची कड दिसत नव्हती, दोन्ही खडूने मारलं. बूट घातल्यावर पँट पाऊण इंच उतरवावी लागली, चपलेवर माप राहिलं असतं तर आखूड झाली असती. बटणं कोणत्या रंगाची लावणार, हे विचारून घ्या. काकांनी तपकिरी काढून ठेवली होती, मी कापडाच्या रंगाची मागितली. आणि एक विनंती केली. कोटाच्या आतल्या खिशाच्या अस्तरावर आणि पँटच्या कमरपट्टीच्या आत पांढऱ्या दोऱ्याची एक फुली घालून द्या. एक फुली म्हणजे नेव्ही. पुढे करडा सूट शिवला तर दोन फुल्या. काका म्हणाले, "माझ्या काउंटरवरच्या रिळांनाही मी चिठ्ठ्या लावतो, रात्री दिव्यात मलाही निळं-काळं कळत नाही." त्यांनी फुल्यांचे पैसे घेतले नाहीत.

डिलिव्हरी ३० ऐवजी ३ डिसेंबरला मिळाली. ते चार दिवस झोप नीट लागली नाही. लग्नाआधी किमान दहा दिवस हातात राहतील अशीच तारीख घ्यायला हवी होती.

सगळा हिशोब सांगायचा तर कापड ४,९४०, शिलाई ७,०००, बूट ४,४९९, पट्टा १,१००, मोजे ५४०, पॉलिशच्या दोन डब्या आणि ब्रश मिळून २५०. एकूण १८,३२९ रुपये. जांभळ्या कापडाचे ४,५५० धरले तर २२,८७९. सासऱ्यांना मी ते साडेचार हजार कुठे गेले हेही सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की साखरपुड्यालाच का बोलला नाहीत.

रिसेप्शनच्या दिवशी वरपक्षाच्या खोलीबाहेर अकरा जोड पडले होते, त्यांतले पाच मला काळे दिसत होते. मी माझ्या बुटांच्या जिभेच्या आत दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. बोट घालून गाठ चाचपली आणि घातले. स्टेजवर तिच्या मोठ्या मावशी येऊन म्हणाल्या, "बूट साडीला छान जुळवलेत हो." मी तिच्याकडे पाहिलं. ती पायांकडे बघत होती.

फेब्रुवारीत ऑफिसखालच्या गटई स्टॉलवर तेच बूट पॉलिशला दिले. दादांनी बूट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काळं मारू का चेरी?" मी पिशवीवरचं लेबल त्यांच्यासमोर धरलं, खिशातली डबी काढून दिली आणि म्हटलं, "हीच लावा. काळं नको."